नाव सारखं म्हणून माणूस एकच कसा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘तुमचं नाव डुप्लिकेट होतं, संगणकानं काढून टाकलं.’ हे उत्तर हल्ली आपल्या बडोद्यात फार सहज ऐकायला मिळतं. वक्तृत्व स्पर्धेची नोंदणी असो, शिष्यवृत्तीची यादी असो की मंडळाच्या सभासदांची वही, खिडकीपलीकडचा माणूस हे इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचत नाही. संगणकापुढे कोण बोलणार? पण संगणक आपण होऊन कुणाचं नाव काढत नाही. दोन नावं ‘सारखी’ कधी मानायची आणि सारखी सापडली तर पुढे काय करायचं, या दोन्ही गोष्टी कुणीतरी माणसानं आधी ठरवलेल्या असतात. माझं सगळं नोकरीतलं आयुष्य याच दोन प्रश्नांच्या आसपास गेलं, आणि आता मी मुलांना तेच शिकवते. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण काटछाट न करता छापावं अशी विनंती.

आधी जे घडलं ते सांगते. माझ्याकडे शनिवारी शिकायला येणाऱ्या दोन मुलींनी एका संस्थेच्या परीक्षेचा अर्ज भरला. दोघींचं नाव एक आणि आडनावही एक. एक वाडीत राहते, दुसरी प्रतापनगरला. एकीचे वडील रेल्वेत आहेत, दुसरीच्या वडिलांचं खंडेराव मार्केटजवळ दुकान आहे. अर्जावर वडिलांच्या नावाचा आणि जन्मतारखेचा रकाना होता, दोघींनी तो नीट भरलाही होता. पण यादी तयार करताना फक्त नाव आणि आडनाव उचललं गेलं, मग ‘डुप्लिकेट काढा’ झालं, आणि यादीत दोघींच्या जागी एकच ओळ उरली. हॉल तिकीट एकीच्याच घरी आलं. दुसरीची आई चौकशीला गेली तेव्हा तिला वरचं वाक्य ऐकवलं गेलं, आणि ‘पुढच्या वर्षी बसवा’ असा सल्लाही मिळाला. मुलगी सातवीत आहे आणि परीक्षेचा गट सातवीपर्यंतचाच आहे. तिला पुढचं वर्ष नाही.

मला राग आला तो चूक झाली म्हणून नव्हे. यादी करणाऱ्याकडून चूक होऊ शकते. राग याचा आला की चूक दिसेल अशी सोयच त्या कामात कुणी ठेवली नव्हती. जी ओळ गेली तिचा मागमूसही कुठे नव्हता. कुठली नावं काढली, किती काढली, कशाच्या आधारावर काढली, हे त्या कचेरीत कुणालाच सांगता येत नव्हतं. तक्रार करायला ती आई गेली नसती तर त्यांच्या दृष्टीनं यादी स्वच्छ आणि काम चोख होतं.

आणि बडोद्यात तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. गायकवाडी काळात साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून, कोकणातून घराणी इथं आली. शिंदे, पवार, जाधव, मोहिते, कदम, गायकवाड ही आडनावं एकेका वाड्यात पाच-पाच दारांवर सापडतात. त्यात मुलांच्या नावांची एकेक लाट येते. एका शाळेत एकाच वयाच्या तीन श्रावणी आणि चार ओंकार सहज निघतात. नाव-आडनाव जुळणं हा इथं योगायोग नाही, रोजची गोष्ट आहे. शिवाय आपल्याकडे अर्ज गुजरातीत भरला जातो, यादी इंग्रजीत होते आणि प्रमाणपत्र मराठीत निघतं. तीन लिप्यांतून फिरून आलेलं नाव पहिल्यासारखं राहिलं तरच नवल. त्यामुळे इथं दोन्ही बाजूंनी घोळ होतो. दोन वेगळी मुलं एक धरली जातात, आणि एकच मूल दोन वेगळ्या वर्णलेखनांनी दोनदा नोंदलं जातं.

आता माझ्या कामाबद्दल. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात होते. तिथं आम्ही लॅबव्ह्यू वापरायचो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनं ते १९८६ साली पहिल्यांदा मॅकिंटॉशसाठी काढलं. त्यात ओळी लिहून प्रोग्रॅम करायचा नसतो, आकृती काढायची असते. एका खिडकीत समोरचं पॅनेल, म्हणजे बटणं, दिवे, काटे, तक्ते. दुसऱ्या खिडकीत ब्लॉक डायग्राम, म्हणजे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. माहिती तारेतून वाहते, आणि एखाद्या चौकोनाला लागणारं सगळं पोचलं की तो चौकोन चालतो. तारेच्या रंगावरून आत काय आहे ते कळतं. दशांश अपूर्णांक नारिंगी, पूर्णांक निळा, हो-नाही हिरवा आणि मजकूर गुलाबी. ट्रान्सफॉर्मरचा अनुक्रमांक हा मजकूर, कारण त्यात अक्षरंही असतात. म्हणून आमच्या डायग्राममध्ये गुलाबी रंगाचं राज्य.

प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर त्याचा क्रमांक असतो, आणि वाइंडिंगचा रोध, टर्न्स रेशो, लॉसेस अशी सगळी मोजमापं त्या क्रमांकाखाली साठतात. एकच क्रमांक यादीत दोनदा आला की समजायचं, कुठेतरी गडबड आहे. ती पकडायची रीत अशी. अनुक्रमांकांची जाड गुलाबी तार फॉर लूपच्या, म्हणजे तेच काम फेरीफेरीनं करणाऱ्या, चौकटीत डावीकडून शिरते आणि दर फेरीला एकेक क्रमांक आत सोडते. चौकटीच्या दोन्ही कडांवर शिफ्ट रजिस्टरची जोडी बसवलेली असते. या फेरीत उजव्या कडेला जे ठेवलं ते पुढच्या फेरीत डाव्या कडेतून परत हातात येतं. त्यात ‘आतापर्यंत पाहिलेले’ क्रमांक ठेवायचे. नवा क्रमांक आला की ‘सर्च वन-डी ॲरे’ या यादीत शोधणाऱ्या चौकोनाला विचारायचं, हा पाहिलेल्यांत आहे का? असेल तर तो कितव्या जागी आहे ते सांगतो, नसेल तर उणे एक देतो. उणे एक आला तर क्रमांक पाहिलेल्यांत जोडायचा. दुसरं काही आलं तर तो ‘पुन्हा आलेले’ अशा वेगळ्या यादीत टाकायचा आणि पॅनेलवरचा लाल दिवा लावायचा.

इथंच थांबायचं. तो क्रमांक पुसायचा नाही.

कारण क्रमांक पुन्हा येण्याची कारणं अनेक असतात. कुणी टाइप करताना एक आकडा चुकवला असेल. किंवा पहिल्या चाचणीत नापास झालेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन पुन्हा चाचणीला आला असेल, मग दोन्ही नोंदी खऱ्या आणि दोन्ही जपायच्या. ते प्रोग्रॅमला कळणार नाही. ते बाकावर उभ्या असलेल्या माणसाला कळतं, कारण तो समोरची टाकी आणि तिच्यावरची नेमप्लेट बघू शकतो. आमच्या विभागात नियम होता की लाल दिवा लागला की पुढची नोंद होत नाही, ऑपरेटरनं कारण निवडल्याशिवाय पान हलत नाही. लोखंड आणि तेलाच्या टाकीसाठी आम्ही एवढं करत होतो. मुलांसाठी का करू नये?

उलटा प्रकारही सांगते, कारण यादी करणाऱ्यांना तो जास्त छळतो. बारकोड स्कॅनरनं वाचलेला क्रमांक आणि हातानं टाइप केलेला क्रमांक पडद्यावर अक्षरशः एकसारखे, आणि प्रोग्रॅम म्हणे वेगळे. स्कॅनर क्रमांकाच्या शेवटी एंटर पाठवतो. ते डोळ्यांना दिसत नाही, पण मजकुरात असतं. लॅबव्ह्यूमध्ये त्या मजकुराच्या खोक्यावर राइट क्लिक करून ‘बॅकस्लॅश कोड्स डिस्प्ले’ निवडलं की लपलेलं सगळं बाहेर येतं. मोकळी जागा असेल तर तिची खूण दिसते, एंटर असेल तर त्याची. मग तुलनेच्या आधी कडेच्या मोकळ्या जागा आणि एंटर छाटणारा ‘ट्रिम व्हाइटस्पेस’चा चौकोन तारेत बसवला की क्रमांक जुळतात. मी नव्या मुलांना नेहमी सांगायची, दोन मजकूर जुळत नसतील तर आधी ते उघडून बघा, डोळ्यांवर जाऊ नका.

निवृत्तीनंतर मी शनिवारी दुपारी दांडिया बाजारात एका मंडळाच्या खोलीत सहावी ते आठवीच्या मुलांना स्क्रॅच शिकवते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१९च्या जानेवारीत त्याची तिसरी आवृत्ती आली, आणि ते फुकट आहे. रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम होतो. शाळांतून ते शिकवतात, पण बहुतेक ठिकाणी पडद्यावरचं मांजर चालवणं, मांजराला ‘म्याव’ करायला लावणं आणि एखादा चेंडूचा खेळ यापुढे गाडी जात नाही. मुलांना ते आवडतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्क्रॅचमध्ये याद्या आहेत, आणि यादीत पुन्हा आलेलं नाव शोधणं हा सातवीच्या मुलाला पूर्ण पेलणारा, खऱ्या जगातला प्रश्न आहे. तो सोडवायला मांजराइतकाच वेळ लागतो.

मी मुलांना बनवलेल्या नावांचा एक कागद देते. खऱ्या कुणाची माहिती वर्गात आणत नाही. मुलं दोन याद्या करतात, ‘पाहिलेली’ आणि ‘पुन्हा आलेली’. ‘यादीत अमुक आहे का’ असा एक षटकोनी ब्लॉक आहे, तो ‘जर-नाहीतर’च्या खाचेत बसतो. आहे म्हटलं तर नाव दुसऱ्या यादीत, नाही म्हटलं तर पहिल्या यादीत. हिरवा झेंडा, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करायचं बटण, दाबला की नावं धडाधड याद्यांमध्ये पडताना दिसतात. मुलं खूश होतात. मग मी म्हणते, आता झेंडा पुन्हा दाबा.

दुसऱ्यांदा दाबल्यावर सगळी नावं ‘पुन्हा आलेली’ मध्ये. एकही नवं नाही. ‘काकू, हे तर सगळेच डुप्लिकेट!’ असा गलका होतो. कारण स्क्रॅचची यादी प्रोग्रॅम थांबला तरी रिकामी होत नाही, मागच्या वेळची नावं तिच्यात तशीच असतात. लॅबव्ह्यूच्या शिफ्ट रजिस्टरलाही बाहेरून रिकामी सुरुवात जोडली नाही तर ते मागच्या खेपेचं धरून ठेवतं. एक कारखान्यातलं महागडं साधन, एक मुलांचं फुकट खेळणं, आणि दोष अगदी तोच. ‘यादीतलं सगळं काढा’ हा ब्लॉक झेंड्याच्या लगेच खाली लावायचा, हे मुलं इथं शिकतात आणि पुन्हा विसरत नाहीत. आणि हो, ज्या कचेरीत गेल्या वर्षीच्या फाइलवर यंदाची नावं ओतली जातात तिथं नेमकं हेच होतं. गेल्या वर्षीचं मूल यंदा ‘आधीच आहे’ म्हणून गळतं.

त्यानंतर येतो ओंकार. कागदावर तो नाव-आडनावानिशी दोनदा आहे, पण प्रोग्रॅम त्याला पकडत नाही. पडद्यावर दोन्ही ओंकार तंतोतंत सारखे. मुलं डोळे फाडून बघतात. मग मी त्यांना ‘लांबी’चा हिरवा ब्लॉक आणायला सांगते. नुसत्या ‘ओंकार’ला तो ५ सांगतो: ओ, अनुस्वार, क, काना, र. संगणक काना आणि अनुस्वारही स्वतंत्र मोजतो, हे बघूनच मुलांना गंमत वाटते. दुसऱ्या ओंकारला तो ६ सांगतो. सहावं काय? शेवटी एक मोकळी जागा आहे. फोनवर नाव टाइप करताना कीबोर्डनं सुचवलेला शब्द निवडला की तो मागे एक मोकळी जागा स्वतःहून टाकतो, आणि पालक तसंच ते अर्जात पाठवतात. स्क्रॅचला ‘ओंकार’ आणि ‘ओंकार-मोकळी जागा’ हे दोन वेगळे मजकूर आहेत.

एका मुलानं विचारलं की सहा म्हणजे नेहमी मोकळी जागाच का. प्रश्न फार चांगला होता, म्हणून त्याला पुढची गोष्ट दाखवली. जुन्या फॉन्टमधून बदलून आणलेल्या मजकुरात ‘ओ’ हे एक अक्षर नसून ‘अ’ला जोडलेली ओकाराची मात्रा असते. काही पडद्यांवर दोन्ही हुबेहूब दिसतात, काहींवर मधे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि निदान संशय तरी येतो. त्याचीही लांबी ६ भरते, पण ‘पहिलं अक्षर’ विचारलं तर एकात ओ येतो आणि दुसऱ्यात नुसता अ. ‘ॲड.’ मधल्या ॲचंही तसंच. तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. दिसायला फरक नाही, आतून एकाची लांबी १ आणि दुसऱ्याची २. सभासदांच्या यादीत वकील मंडळी दोनदा का येतात, याचं हे एक कारण असू शकतं.

आकड्यांचा प्रकार तर याहून अवघड. स्क्रॅचमध्ये दोन्ही बाजूंना संख्या दिसली की तो त्यांची संख्या म्हणून तुलना करतो. म्हणून इंग्रजी आकड्यांतला ‘शून्य सात’ आणि नुसता ‘सात’ त्याला एकच. सभासद क्रमांकात पुढचं शून्य महत्त्वाचं असेल तर दोन सभासद एक झाले. याउलट मराठी सात आणि इंग्रजी सात त्याला वेगळे, कारण मराठी आकडा त्याला संख्या वाटतच नाही. इयत्ता पाचवी, तुकडी ई, बैठक दोन असा इंग्रजीत सलग लिहिलेला क्रमांक, म्हणजे पाच, ई आणि दोन, तो ५०० समजतो, कारण शास्त्रीय लेखनात ई म्हणजे दहाचा घात. पाचशे क्रमांकाच्या मुलाशी तो ‘डुप्लिकेट’ ठरतो. हे मी करून दाखवलं तेव्हा आठवीची मुलगी म्हणाली, ‘मग कंप्यूटरला विचारायचं तरी कसं?’ मी तिला म्हटलं, हेच तर शिकायचं आहे. काय सारखं धरायचं ते आपण सांगायचं, त्याच्यावर सोडायचं नाही.

लहान-मोठ्या इंग्रजी लिपीचा भेद स्क्रॅच मानत नाही, लॅबव्ह्यूचा शोध मानतो, एवढं इंग्रजी याद्या करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कामाचा वेगही मुलांना समजला पाहिजे. चाळीस नावांत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर ७८० जोड्या होतात. ते पोरांनी हातानं करून बघितलं आहे आणि कंटाळून सोडलं आहे. बाराशे नावांत त्याच जोड्या ७,१९,४०० होतात. म्हणून आधी यादी अकारविल्हे लावायची, मग सारखी नावं शेजारी-शेजारी येतात आणि क्रम लावून झाल्यावर शेजाऱ्यांच्या ११९९ तुलनांत काम भागतं. लॅबव्ह्यूमध्ये त्यासाठी तयार चौकोन आहे, स्क्रॅचमध्ये नाही, तिथं क्रम लावण्याची रीत मुलांनीच ब्लॉक जोडून बनवावी लागते. अकारविल्हे लावण्याचा आणखी एक फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. ‘सुर्यवंशी’ आणि ‘सूर्यवंशी’ जवळजवळ येतात, आणि वाचणाऱ्या माणसाच्या नजरेला खटकतात. यंत्रानं हे दोन आपण होऊन एक करावेत असं मी कधीच म्हणणार नाही. मोकळ्या जागा छाटा, आकडे एकाच लिपीत आणा, तिथं कुणाचं नुकसान होत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आला की फोन उचला आणि घरी विचारा.

लॅबव्ह्यूच्या २०१९च्या आवृत्तीत ‘सेट’ नावाचा प्रकार आला. त्यात एक गोष्ट एकदाच राहते, दुसऱ्यांदा टाकली तरी भर पडत नाही. सुट्या भागांच्या यादीला हे उत्तम. माणसांच्या यादीला मात्र मी ते तसंच्या तसं लावू देणार नाही, कारण दुसरं नाव आत शिरलं नाही हे तो कुणाला ओरडून सांगत नाही. त्या दोन मुलींच्या बाबतीत झालं ते हेच, साधन कुठलंही असो.

ही समज आपल्या गावाला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना ग्रंथालयांच्या कामासाठी बडोद्यात आणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्या कामाची साक्ष आहे. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर नाव तेच, लेखक तोच, प्रकाशक आणि वर्षही तेच. सगळा मजकूर जुळतो. तरी कुठलाही ग्रंथपाल एक प्रत ‘डुप्लिकेट’ म्हणून रद्दीत देत नाही, कारण प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक असतो. एक प्रत रावपुऱ्यात कुणाच्या घरी गेली आहे आणि दुसरी कपाटात आहे, हे त्या क्रमांकावरूनच कळतं. पुस्तकाच्या प्रतीला जी स्वतंत्र ओळख आपण शंभर वर्षांहून अधिक काळ देत आलो, ती सातवीतल्या मुलीच्या अर्जाला का मिळू नये? अर्ज हातात आला की त्यावर क्रमांक टाका, पोचपावतीवर तोच लिहा, आणि यादीत तुलना करायची ती त्या क्रमांकानं. नाव हे वाचायला आहे, जुळवायला नाही.

माझी मागणी मोठी नाही. परीक्षा, स्पर्धा, शिष्यवृत्ती घेणाऱ्या बडोद्यातल्या सगळ्या संस्थांनी आणि मंडळांनी कुठलंही नाव यादीतून आपोआप काढणं बंद करावं. सारखी वाटणारी नावं एका वेगळ्या कागदावर निघू द्यावीत, त्यापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव आणि जन्मतारीख असावी, आणि तो कागद एका जबाबदार माणसानं सही करून निकालात काढावा. शंका उरली तर घरी फोन करावा. हा कागद कचेरीतच राहावा, दारावर लावू नये, कारण मुलांच्या जन्मतारखा चारचौघांत टांगायच्या नसतात. दारावर लावायची ती अर्ज क्रमांकांची यादी, आणि तीही हॉल तिकिटं निघायच्या निदान आठवडाभर आधी, म्हणजे ज्याचं नाव गळलं त्याला धावपळ करायला वेळ मिळेल. आणि ज्या मुलीचं वर्ष गेलं तिच्यासारख्यांना इयत्तेच्या अटीत सूट मिळावी. चूक संस्थेची असताना इयत्तेची अट मुलीला लावणं मला अजिबात पटत नाही.

शाळांतल्या संगणक शिक्षकांनाही माझी विनंती आहे. मांजर जरूर नाचवा, पण दुसऱ्या सत्रात एक तास तरी यादीला द्या. मुलांना स्वतः नावं बनवू द्या, त्यात मुद्दाम मोकळ्या जागा आणि मराठी-इंग्रजी आकडे मिसळू द्या, आणि एकमेकांच्या याद्या पकडू द्या. ‘काढून टाका’चा ब्लॉक मात्र शेवटपर्यंत हातात देऊ नका, ‘दाखवा’चा ब्लॉक आधी द्या. हीच मुलं उद्या त्या खिडकीपलीकडे बसणार आहेत.

गणेशोत्सवाच्या स्पर्धांची नोंदणी लवकरच सुरू होईल. ज्या मंडळांकडे नोंदणीचं काम करणारी मुलं-मुली आहेत त्यांनी त्यांना शनिवारी दुपारी आमच्या खोलीवर जरूर पाठवावं. खरी यादी आणू नये, नमुन्याची नावं आमच्याकडे आहेत. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. लॅपटॉप असेल तर आणावा, नसेल तर आमच्याकडचे दोन आहेत.

आपली,
एक निवृत्त टेस्टिंग इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)